कासवाची शुश्रूषा

आपल्याकडील बहुतेक जुन्या शिवमंदिरांत नंदीचे दर्शन घेऊन गाभाऱ्याकडे वळताना फरशीवर कोरलेले एक दगडी कासव दृष्टीस पडते. भाविक त्याला हात लावून नमस्कार करतात व पुढे जातात. कासवाविषयीचा हा आदर आपल्या परंपरेत फार जुना आहे. विष्णूच्या दहा अवतारांत कूर्मावतार दुसरा. भगवद्गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना, सर्व अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचाच दाखला दिला आहे. मराठी संतांनी तर ईश्वराच्या कृपेला कासवीच्या नजरेची उपमा दिली. कासवी पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवीत नाही. दुरून नुसती प्रेमाने पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले वाढतात, असा हा समज आहे.

उपमा म्हणून ही कल्पना फार सुंदर आहे; परंतु प्राणिशास्त्राच्या कसोटीला ती उतरत नाही. कासवी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, त्यावर माती लोटते आणि निघून जाते. काही महिन्यांनी अंड्यांतून पिले बाहेर येतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहणारे कोणीही नसते. पहिल्या दिवसापासून आपले अन्न त्यांना आपणच शोधावे लागते. माणसाच्या घरी आणून ठेवलेल्या कासवाला मात्र तेही स्वातंत्र्य उरत नाही. त्याला काय खाऊ घालावे, ऊन मिळते की नाही, पाणी मिळते की नाही, हे सारे माणसाच्या हाती जाते. आणि माणसाला ह्या गोष्टी ठाऊक नसल्या, म्हणजे देवळात पूजिले जाणारे कासव घरात हालहाल होऊन मरते.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. २०१६ साली मी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका गावी मुख्याध्यापक होतो. डिसेंबरचा महिना होता. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश तो घाटाखालचा. आणि बुलढाणा, चिखली, मेहकर हा पठारी प्रदेश तो घाटावरचा. घाटावर हिवाळ्यात थंडी चांगलीच बोचते. अशा एका सकाळी सातवीतला एक मुलगा जुन्या घमेल्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकून घेऊन शाळेत आला. त्याच्या शेजारचे बिऱ्हाड घर सोडून दुसऱ्या गावी गेले होते. मोकळ्या घराच्या मोरीत त्याला हे सापडले होते. गोणपाट दूर केले तो आत एक कासव! घरात ठेवल्याने पैसा येतो, अशा समजुतीने कोणीतरी ते आणले असावे; पैसा आला नाही म्हणून की काय, जाताना मागे टाकले होते.

त्याची अवस्था पाहवत नव्हती. डोळे मिटलेले व खोल गेलेले होते. मान व पाय हाडांना चिकटल्यासारखे दिसत होते. वरची चोच वाढून खाली वळली होती. पाठीवर कोणी लाल तैलरंग फासला होता. उचलून पाहिले, तेव्हा ते रिकाम्या डब्यासारखे हलके लागले. मुलगा म्हणाला, “गुरुजी, दूध-भाकरी ठेवली होती पुढे. खात नाही.” मी त्याला शाबासकी दिली आणि, आज सांगताना लाज वाटते, शिपायाला म्हणालो, “ते हौदात सोड. कासव पाण्यातला प्राणी. पाण्यात गेले की तरतरीत होईल.”

सुदैवाने त्या दिवशी जनावरांच्या लसीकरणासाठी पशुवैद्य गावात आले होते. त्यांना कोणीतरी वर्दी दिली व ते शाळेत आले. शिपायाच्या हातातील कासव पाहून ते म्हणाले, “सर, हे हौदात गेले असते, तर अर्ध्या तासात बुडून मेले असते. ह्याचे पाय पाहा.”

कासव हे एकच नाव आपण अनेक भिन्न प्राण्यांना देतो. आपल्या विहिरी, तळी व नाले ह्यांत राहणारे कासव वेगळे. त्याची पाठ चपटी व मऊ कातडीने मढलेली असते, बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात आणि मागचे पाय आत घेतल्यावर त्यांवर कातडीची झडप पडते. ते मासे, गोगलगायी, बेडकांची पिले व पाणवनस्पती खाते. उन्हाळ्यात तळे आटले, म्हणजे चिखलात स्वतःला पुरून घेऊन पावसाची वाट पाहते. शाळेत आलेले कासव ह्या जातीचे नव्हते. त्याची पाठ घुमटासारखी उंच होती. तैलरंगाच्या फटींतून काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या दिसत होत्या. पाय हत्तीच्या पायांसारखे खांबट होते. हे जमिनीवरचे कासव. पाठीवरील चांदण्यांमुळे त्याला तारा कासव किंवा स्टार कासव म्हणतात. वायव्य भारतातील कोरडे प्रदेश, दक्षिण भारताचा काही भाग व श्रीलंका ही त्याची मायभूमी. गवताळ माळ व काटेरी झुडपे हे त्याचे घर. त्याला पोहता येत नाही. पाण्यातील कासव कोरड्या खोक्यात ठेवणे आणि जमिनीवरील कासव विहिरीत सोडणे, हे दोन्ही सारखेच प्राणघातक आहे. म्हणून कासवाच्या शुश्रूषेतील पहिला प्रश्न ‘काय द्यावे?’ हा नसून ‘हे कोणते कासव?’ हा होय.

पशुवैद्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्या कायद्यान्वये असे कासव घरी अथवा शाळेत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांनी लगेच वनविभागास कळविले. दुपारी वनरक्षक आले, पंचनामा झाला आणि कासव वनविभागाच्या ताब्यात गेले. लांबचा प्रवास त्याला सोसणार नाही, असे पशुवैद्यांचे मत पडल्याने जवळच्या रोपवाटिकेतील एका खोलीत त्याची सोय करण्यात आली. मी रोज सायंकाळी तेथे जाऊ लागलो व जे पाहिले ते वहीत टिपून ठेवू लागलो. पुढील माहिती त्या वहीच्या आधारेच देत आहे.

आम्हां सर्वांना घाई होती ती त्याने काहीतरी खावे ह्याची. पशुवैद्यांनी मात्र अन्नाला शेवटचा क्रम दिला. आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न, असा त्यांचा नियम होता. त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. माणूस, गाय, चिमणी ह्यांचे शरीर आपली उष्णता आपण निर्माण करते. कासवाचे तसे नाही. सभोवतालची हवा व ऊन ह्यांतून जेवढी ऊब मिळेल, तेवढीच त्याच्या शरीरात असते. ही ऊब पुरेशी नसली, तर त्याच्या पोटातील पाचकरसांचे कार्य मंदावते. आतडी हलत नाहीत. भूक लागत नाही. अशा थंड कासवाच्या तोंडात बळेच घास कोंबला, तर तो पचण्याऐवजी पोटात कुजतो. चूल पेटविल्यावाचून तीवर भात ठेवून उपयोग काय?

म्हणून एका मोठ्या लाकडी खोक्यात एका टोकाला उंचावर विजेचा दिवा टांगला. त्याखालील भाग सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस इतका उबदार राहील, अशी व्यवस्था केली व तेथे तापमापक ठेवला. दुसरे टोक मुद्दाम त्याहून थंड ठेवले. ऊब कमी लागली की दिव्याखाली यावे, जास्त झाली की दूर जावे, ही निवड कासवाला स्वतः करता आली पाहिजे. सर्व खोके सारखेच तापविले, तर त्याला पळावयास जागा उरत नाही व उष्णतेनेही ते दगावते. तळाशी वर्तमानपत्राचे कागद अंथरले. त्यामुळे त्याची विष्ठा चटकन दिसे व रोज कागद बदलणे सोपे जाई. फरशी गुळगुळीत असेल, तर अशक्त कासवाचे पाय घसरून फाकतात, हेही तेथेच कळले.

पाण्याचा प्रकारही निराळाच होता. पसरट परातीत कोमट पाणी घ्यावयाचे. ते इतके उथळ, की कासवाच्या कवचाची खालची कड तेवढी बुडावी व मान सहज वर राहावी. त्यात त्याला रोज पंधरा-वीस मिनिटे ठेवावयाचे आणि एक क्षणही दृष्टीआड होऊ द्यावयाचे नाही. पहिले दोन दिवस ते तसेच निपचित बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने मान लांबविली, नाक पाण्यात बुडविले आणि त्याच्या गळ्याची हालचाल दिसू लागली. ते पाणी पीत होते! थोड्या वेळाने परातीत पांढऱ्या चुन्यासारखा लगदा पडला. मला वाटले, हा काही नवा रोग. पशुवैद्य मात्र आनंदले. जमिनीवरील कासव पाण्याची काटकसर करते. शरीरातील टाकाऊ द्रव्य ते ह्या घट्ट रूपात बाहेर टाकते. पाण्यावाचून हाच लगदा आत साठून वाळतो व त्याचे खडे होतात. तो बाहेर पडला, म्हणजे मूत्रपिंडांचे काम पुन्हा सुरू झाले असे समजावयाचे. अंघोळीनंतर अंग कोरडे करून त्याला पुन्हा उबेत ठेवीत.

ह्या काळात पशुवैद्यांनी त्याची नीट तपासणी केली. नाकातून फुगे येतात का, तोंड उघडून श्वास घेते का, हे त्यांनी प्रथम पाहिले. आपल्याप्रमाणे कासवाच्या छातीत श्वासपटल नसते; त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही व साधी सर्दीही पाहता पाहता फुप्फुसांत उतरते. नंतर त्यांनी कवच हलकेच दाबून पाहिले. पुष्कळांना वाटते, की कवच म्हणजे कासवाने अंगावर घेतलेले घर. वस्तुतः ते त्याचे शरीरच आहे. पाठीचा कणा व बरगड्या रुंद होऊन, पन्नासांहून अधिक हाडे एकमेकांत सांधली जाऊन ते बनते. वरून नखांसारख्या द्रव्याचे पातळ खवले असतात. त्यात रक्त वाहते, त्याला स्पर्श कळतो, वेदना कळते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे महाकाय वृद्ध कासव २००६ साली वारले. मृत्यूपूर्वी काही महिने त्याच्या कवचाला तडा जाऊन आत जखम झाली होती. कवचाला भोक पाडून साखळी अडकविणे म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणे होय. आमच्या पाहुण्याच्या पाठीवरील रंगही काही थोडा त्रासदायक नव्हता. रॉकेल वगैरे न लावता, अनेक दिवस थोडा थोडा करून तो खरवडून काढावा लागला.

वाढलेली चोच पशुवैद्यांनी बेताने कापून आकारास आणली. कासवाला दात नसतात; चोचीच्या धारेने ते पाला तोडते. खरबरीत गवत खाण्याने ही चोच आपोआप झिजत राहते. वर्षानुवर्षे मऊ अन्न मिळाले, तर ती वेडीवाकडी वाढते. मग पाला तोडता येत नाही, म्हणून आणखी मऊ अन्न दिले जाते आणि अनर्थाचे चक्र चालू राहते. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आमच्या भागात गुरांच्या अंगावरील गोचीड मारण्यासाठी आयव्हरमेक्टिन नावाचे औषध घरोघर ठाऊक आहे. हे औषध कासवाला विषासमान आहे. एका प्राण्याचे औषध दुसऱ्यास देणे किती घातक ठरू शकते, ह्याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता अन्नाची पाळी आली. दूध, भाकरी, पोळी, भात, बिस्किटे ह्यांपैकी कोणतीही वस्तू ह्या कासवाच्या आहारात बसत नाही. दूध पचविण्याची शक्ती त्याच्या पोटात नसते. त्याचे नैसर्गिक अन्न म्हणजे गवत, रानपाला, फुले, निवडुंगाची रसाळ पाने आणि क्वचित गळून पडलेले फळ. ह्या अन्नात चोथा पुष्कळ, चुना भरपूर आणि साखर अल्प असते. तेव्हा मुलांनी हरळी आणली, तुतीचा कोवळा पाला आणला, शेवग्याची पाने व जास्वंदीची पाने-फुले आणली. फड्या निवडुंगाचे काटे काढून, त्याच्या बारीक फोडी केल्या. पालक, चाकवत व घोळ ह्या भाज्या आपल्याला हितकर असल्या, तरी त्यांतील आम्ल चुन्याला बांधून ठेवते; म्हणून त्या क्वचितच द्यावयाच्या. कोबीचेही तसेच.

सर्व जमले, पण कासव खाईना. रोज ताट मांडावे आणि रोज तसेच उचलावे. दहा दिवस गेले, पंधरा गेले. मुले हिरमुसली. एकाने विचारले, “गुरुजी, कासव वाऱ्यावर जगते म्हणतात, ते खरे का?” मी त्याला जे उत्तर दिले, तेच ह्या पाठाचे सार समजावे. कासवाच्या शरीराचा व्यवहार फार संथ असतो. त्यामुळे ते महिनोन् महिने उपाशी राहूनही जिवंत राहते. माणसे ह्याचा अर्थ ‘त्याला अन्न लागत नाही’ असा करतात. मांजर उपाशी राहिले, तर ओरडून घर डोक्यावर घेते. गाय दावणीला हंबरते. कासव मात्र ओरडत नाही. ते हळूहळू, मुकाट्याने मरते आणि मरेपर्यंत घरच्यांना वाटत राहते, की ते सुखात आहे.

माझ्या वहीत एकोणिसाव्या दिवसाची नोंद आहे. सकाळी ऊन चांगले पडले होते. काचेतून येणाऱ्या उन्हात एक आवश्यक किरण गाळला जातो, त्या किरणावाचून शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व बनत नाही आणि त्या जीवनसत्त्वावाचून खाल्लेला चुना हाडांना लागत नाही. म्हणून त्याला रोज अंगणातील उघड्या उन्हात, अर्धी सावली असलेल्या कुंपणात ठेवीत असत. त्या दिवशी समोर जास्वंदीचे लाल फूल पडले होते. कासवाने मान पुढे केली, बराच वेळ फुलाकडे पाहिले, पुन्हा मान आत घेतली, पुन्हा बाहेर काढली आणि एका पाकळीचा लचका तोडला. वनमजूर, मुले, मी, सारे श्वास रोखून उभे होतो. कोणी टाळी वाजविली नाही. टाळीने ते भिऊन आत जाईल, हे तोवर मुलांनाही कळून चुकले होते.

परंतु खाऊ लागणे निराळे आणि योग्य ते खाऊ लागणे निराळे. दुसऱ्या दिवशी वनमजुराने मायेपोटी त्याला केळ्याचा तुकडा दिला. तो त्याने झडप घालून खाल्ला. आणि त्यानंतर पाल्याकडे ढुंकूनही पाहीना! पूर्वीच्या घरी त्याला केळे व काकडी ह्यांचीच सवय लागली असावी. गोड खाऊची चटक लागलेल्या मुलासारखी त्याची गत झाली. केळ्याने पोट भरते. पण त्यात चुना नसल्यासारखाच, चोथा कमी आणि साखर जास्त. असा आहार चालू राहिला, तर हाडे मऊ होतात व आतड्यांत कृमी-जंतू माजतात. केळे एकदम बंद करावे, तर कासव पुन्हा उपाशी राहावयाचे. पशुवैद्यांनी मधला मार्ग काढला. पाला अगदी बारीक चिरून त्यात किंचित कुस्करलेले केळे असे कालवावयाचे, की प्रत्येक घासात दोन्ही जावे. मग दर दोन-तीन दिवसांनी केळे थोडे कमी व पाला थोडा मोठा करीत जावयाचे. महिन्याभराने ताटात केळे उरले नाही आणि ही गोष्ट कासवाच्या ध्यानातही आली नाही. चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन किसून पाल्यावर भुरभुरविले जाई. ते माखली ह्या सागरी जीवाच्या शरीरातील कवच असून त्यात चुना विपुल असतो.

आरंभी अन्न थोडे थोडेच दिले जात होते, ह्यातही शास्त्र होते. दीर्घकाळ उपाशी असलेल्या जिवाला एकदम पोटभर जेवण दिले, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. दुष्काळातून वाचलेल्या माणसांच्या बाबतीतही हा अनुभव आलेला आहे. दर सोमवारी त्याला तराजूत ठेवून वजन लिहीत असू. नजरेला फरक दिसत नसे; पण वहीतील आकडे एकेक पाऊल पुढे सरकत होते.

नुसत्या योग्य आहाराने केवढा पालट होतो, ह्याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. नेपोलियनने जेथे अखेरचे दिवस काढले, त्या सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचे एक महाकाय कासव १८८२ साली आणण्यात आले. त्याचा जन्म १८३२च्या सुमाराचा मानतात. अतिवृद्धपणी मोतीबिंदूमुळे त्याची दृष्टी गेली, वासही कळेनासा झाला. गवत नीट सापडेना, त्यामुळे ते कृश झाले व चोचीची धार जाऊन ती ठिसूळ बनली. तेथील पशुवैद्य जो हॉलिन्स ह्यांनी त्याला आठवड्यातून एकदा स्वतःच्या हाताने फळे व भाज्या भरविण्यास आरंभ केला. हळूहळू त्याला तेज चढले, चोच पुन्हा धारदार झाली आणि ते पुन्हा गवत तोडू लागले. दीडशेहून अधिक वर्षांचे कासवदेखील शुश्रूषेने सुधारते, तर इतरांविषयी निराश होण्याचे कारण काय?

आमचे कासव मार्चअखेर पूर्ण बरे झाले. ते उन्हात स्वतःहून जाई, डोळे उघडे व चकचकीत ठेवी, हातात घेतल्यास पायांनी जोराने रेटा देई. मुलांनी विचारले, “आता त्याला ज्ञानगंगेच्या जंगलात सोडावयाचे ना?” ज्ञानगंगा अभयारण्य आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे खरे, परंतु प्रत्येक जंगल प्रत्येक प्राण्याचे घर नव्हे. वायव्येकडील व दक्षिणेकडील तारा कासवांचे वंश भिन्न आहेत. मूळ ठाव न शोधता ती कोठेही सोडली, तर वंशांची सरमिसळ होते व माणसाच्या घरातील रोग रानात पसरतात. दुकानांत विकली जाणारी, कानाजवळ लाल पट्टा असलेली परदेशी पाणकासवे कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणे, हाही असाच अपराध होय. तेव्हा पुढील निर्णय वनविभागावर सोपविण्यात आला व एके दिवशी अधिकारी त्याला योग्य त्या ठिकाणी नेण्यासाठी आले. ज्या मुलाने ते घमेल्यात आणले होते, त्यानेच ते पेटीत ठेवले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. “सर, ते मला ओळखत असेल का हो?” त्याने विचारले. “ओळखत असेल वा नसेल,” मी म्हणालो, “तू त्याला ओळखलेस, हे पुरे आहे.”

अशा मुक्या जिवांना आता कायद्याचा आधार अधिक बळकट झाला आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये तारा कासवाच्या व्यापारावर कडक बंदी आली. २०२२ साली सुधारलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या भारतीय कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे आजारी व जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, तर समुद्री कासवांसाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे तशी सोय आहे. ‘अमुक इतक्या नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते’ असे सांगून फसविणाऱ्या भोंदूंविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायदाही आहे. तुम्हांला असे कासव कोठे आढळले, तर वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा. मदत येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, शांत जागी ठेवा. उलटे करू नका. बळेच खाऊ घालू नका. विहिरीत टाकू नका. आणि हाताळल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवा, कारण त्याच्या अंगावरील जंतूंनी माणसाला पोटाचे विकार होऊ शकतात.

त्या चार महिन्यांनी मला एक गोष्ट शिकविली. त्या मुलाच्या मनात दया होती, माझ्याही मनात होती. तरीही त्याने दूध-भाकरी दिली आणि मी हौद दाखविला. ज्ञानावाचून दया आंधळी असते. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्याविषयीचे ज्ञान लक्ष देऊन पाहिल्यानेच मिळते. त्याचे डोळे पाहावे, पाय पाहावे, ताटात काय उरले ते पाहावे आणि रोज वहीत लिहावे. कासवी दृष्टीने पिले पोसते, हे प्राणिशास्त्रात खरे नाही. परंतु माणसाने मनात आणले, तर आपल्या दृष्टीने एखाद्या कासवाला तो खचित जगवू शकतो.

स्वाध्याय

१. शाळेत आलेले कासव हौदात सोडणे का घातक ठरले असते?
२. ‘आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न’ ह्या क्रमामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. कासवाची केळ्याची सवय कशी मोडण्यात आली?
४. ‘कासव मात्र ओरडत नाही’ ह्या वाक्यातून लेखकास काय सुचवावयाचे आहे?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : घर डोक्यावर घेणे, ढुंकूनही न पाहणे, श्वास रोखून उभे राहणे.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे वा प्राण्याचे सात दिवस दुरून निरीक्षण करा व रोजच्या नोंदी वहीत लिहा.